पाचव्या पावलाला बॅटरी संपली

जुन्या जकातघराच्या पहिल्या मजल्यावर माझं टेबल,
पंख्याच्या खाली नाही, जरा बाजूला,
म्हणून कागद उडत नाहीत आणि घामही वाळत नाही.
इथे लोक लग्न करायला येतात.
कधी कधी झालेलं लग्न शोधायला.

कुंदा सावे शोधायला आल्या.
पिशवीत व्हिडिओ कॅसेट, पत्रिका, आहेराची वही,
आणि सोबत काठी टेकत जोगळेकर गुरुजी.
सत्त्याण्णवचा मे. गिरगावातल्या शाळेचा हॉल.
नवरा गेला जानेवारीत. आता दीर म्हणतो,
लग्न पुरं झालंच नव्हतं, खोलीवर हक्क कसला?
वकिलाने कॅसेट लावून पाहिली:
अंतरपाट, मंगलाष्टकं,
कुणाची तरी आत्या कॅमेऱ्यात बघून पदर सारखा करतेय,
होम, धूर, मग एक, दोन, तीन, चार,
पाचव्या पावलाला बॅटरी संपली.
पुढचं दृश्य थेट जिलबीचं.

कायद्यात लिहिलंय, सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण.
तोवर माणसं नुसती चालत असतात.

मी गुरुजींना विचारलं, तुम्हाला आठवतं?
म्हणाले, आठवतं ना. सातही आठवतात.
मग चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ लावला.
"पण बाई, मला प्रत्येकच लग्नातली सात आठवतात.
शपथेवर काय सांगू?"

मी रजिस्टर काढलं, मे, मग जून, मग उगाच जुलै.
नोंद नाही.
रेशनकार्डावर नाव आहे, मुलीच्या दाखल्यावर आहे,
डायलिसिसच्या फॉर्मवर त्यांची सही आहे, नातं: पत्नी.
त्या रात्री केईएमच्या व्हरांड्यात त्या किती पावलं चालल्या
हे कुणी मोजलं नाही,
आणि मोजलं असतं तरी अग्नी नव्हता तिथे.

त्यांच्या पाठीमागे, भिंतीवर, काचेची पेटी. किल्ली माझ्याकडे.
आत ऑस्कर डाबरे आणि नुसरत परकार,
फोटो, वय, पत्ता, मजला, खोली नंबर,
तीस दिवस. आक्षेप असल्यास कळवावे.
एकविसाव्या दिवशी नुसरतचा मामा आला,
काचेवर बोट ठेवून पत्ता उतरवून घेतला,
मला धन्यवाद म्हणाला. सभ्य माणूस.
तेव्हापासून ती दोघं फोन उचलत नाहीत.

म्हणजे अग्नीभोवती फिरलात तर मोजून दाखवा,
नाही फिरलात तर महिनाभर भिंतीवर लटका.
सरकारला नक्की कुणाशी लग्न करायचंय,
मला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

मी साधी कारकून. मला विचाराल तर
मला एक वही द्या.
दोन नावं, दोन सह्या, तारीख,
कोण आजारी पडलं तर कोणाला बोलवायचं,
खोली कोणाची, कर्ज कोणाचं,
मन उडालं तर कोणत्या खिडकीवर यायचं.
बस.
मग जा, हवं तर सात चाला, हवं तर सत्तर,
गुरुजींना बोलवा, फादरना बोलवा, काझींना बोलवा,
गावदेवीला नारळ फोडा, नाहीतर इराण्याकडे चहा प्या.
देवाच्या दारात मी वही घेऊन उभी राहणार नाही.
देवानेही माझ्या टेबलावर शिक्का शोधू नये.

हे मी कुंदाताईंना बोलले नाही.
त्यांना म्हटलं, दाखला मिळेल, "नोंद आढळली नाही" असा.
त्याचे वीस रुपये.
त्यांनी सुटे दिले, मोजून.

गुरुजी उठले. म्हणाले, पन्नास वर्षं लावतोय लग्नं,
कोर्टात माझी सही लागेल असं आमच्या पोथीत कुठे नाही.
रागाने नाही म्हणाले. पोथीत खरंच शोधलं असावं.

जिना उंच आहे आमचा, इंग्रजांच्या मापाचा.
मी वरून बघत होते.
पाचव्या पायरीवर गुरुजी थांबले. धाप लागली.
कुंदाताईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली,
आणि त्यांच्या कोपराखाली हात दिला.
साहेबांनी मला आत बोलावलं,
म्हणून पुढचं मी पाहिलं नाही.